दोन सेंटिमीटर

कॅनडा कॉर्नरच्या तळघरातल्या दुकानात
बाफणा विचारतो, "मुलासाठी का, मॅडम?"
मी म्हणते, माझ्यासाठी.
तो एकदा माझ्याकडे बघतो,
एकदा पर्समधून लोंबणाऱ्या लॅबच्या ओळखपत्राकडे,
आणि काहीतरी चुकल्यासारखे
तीनशे रुपये कमी करतो.

सेकंडहँड कार्ड, दोन पंखे,
एका पात्याला केसाएवढी चीर.
आठ जीबीच्या दोन पट्ट्या.
पॉवर सप्लाय नवा, कारण जुना त्याच्या मते
"देवापुढच्या दिव्याइतकाच".
मदरबोर्ड आणि प्रोसेसर तेच, दोन हजार तेराचे.
"चालेल ना?"
"चालेल. पळायचं बघू नका."

त्रिमूर्ती चौकातून घरी येईपर्यंत
खोकं मी मांडीवरच धरलं,
रिक्षावाल्यानं विचारलं, काचेचं आहे का.

कॅबिनेट उघडलं तर
आत अकरा वर्षं बसलेली,
मऊ, राखाडी, मांजरीच्या पोटासारखी.
एक मेलेली पाल, कागदासारखी हलकी.
माझी एक क्लिप, जिच्यासाठी मी आईशी भांडले होते.
रोज साठ-सत्तर जणांच्या शिरा शोधते मी,
लहान बाळांच्यासुद्धा,
हात हलत नाही.
पण प्रोसेसरवरची सुकलेली पेस्ट पुसताना
श्वास धरला होता.

मग कार्ड बसेना.
हार्डडिस्कचा पिंजरा मध्ये येत होता.
मी बॉक्सवरचं माप पुन्हा वाचलं,
जणू वाचल्यानं ते कमी होईल.

अण्णा दारात उभे होते, चष्मा कपाळावर.
सातपूरच्या टूलरूममध्ये बत्तीस वर्षं,
निवृत्तीनंतर फक्त नळाचे वॉशर.
"किती कमी पडतंय?"
"दोन सेंटिमीटर."
हसले. "आम्ही मायक्रॉनवाले,
दोन सेंटिमीटर म्हणजे मैदान झालं गं."

माळ्यावरून पेटी आली.
व्हर्नियर फडक्यात गुंडाळलेलं,
तेल अजून ओलं.
मला म्हणाले, बोर्ड आधी बाहेर काढ,
कीस आत गेला तर तुझं सगळं मुसळ केरात.
गॅलरीत वर्तमानपत्र अंथरून
हॅकसॉ चालवला,
खालच्या मजल्यावरच्या खैरनार काकू
"काय चाललंय" म्हणून डोकावून गेल्या.
कापून झाल्यावर कानस घेतली,
आणि कुणाला कधी दिसणार नाही अशी ती कड
अर्धा तास घासत बसले.
अंगठा फिरवून बघायचे, पुन्हा घासायचे.
"बर राहायला नको."

पहिल्यांदा स्क्रीन काळीच.
दुसऱ्यांदाही.
पट्टी काढून खोडरबरानं पुसली, पुन्हा दाबली,
टक् झालं,
आणि एक छोटीशी बीप.
अण्णांनी नकळत टाळी वाजवली, मग हात मागे घेतले.

चौऱ्याण्णव जीबी उतरायला रात्र गेली.
मी ड्युटीवरून आले तेव्हा
ते खुर्चीत, टक्क्यांकडे बघत, झोपलेले.

मीडियमवर छत्तीस फ्रेम.
गवत जरा उशिरा उगवतं,
घोडा पोहोचल्यावर.
मी सांगितलं, नवं कार्ड थांबतंय जुन्या प्रोसेसरसाठी.
थोडा वेळ काही बोलले नाहीत.
हल्ली जिन्याच्या वळणावर
मीही थांबते, पिशवी या हातातून त्या हातात घेत,
बुटाची नाडी बघत,
हे त्यांना माहीत आहे.

"हा डोंगर रामशेजसारखा आहे," म्हणाले,
"माथा सपाट."
मग, "घोडा सकाळपासून पळतोय. पाणी कुठे पितो?"

या खेळात घोड्याला तहान लागत नाही.
पण मी मोहीम सोडली,
नकाशा मिटला,
आणि नदीच्या दिशेनं वळवला त्याला.
पाणी अजून दिसत नव्हतं.
पंखा घरघरत होता, चिरेवर थोडा अडखळत.
अण्णांनी खुर्ची पुढे ओढली.